हट्टी वस्तरा आणि पहिला दगड

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

खंडेनवमीला घरोघरची हत्यारे बाहेर निघतात. न्हाव्याच्या घरी जुनी धोकटी उघडते, इतरांच्या घरी माळ्यावरची पेटी, आणि कापडात गुंडाळलेला, इंग्लंडातल्या शेफिल्ड किंवा जर्मनीतल्या सोलिंगेन या पात्यांसाठी नावाजलेल्या गावांची मुद्रा असलेला वस्तरा हाती लागतो. अशा वस्तऱ्याने स्वतःची दाढी करू पाहणारी तरुण मुले हल्ली बरीच आहेत. ती दगड विकत आणतात, दोन-तीन संध्याकाळी पाते घासतात, धार काही येत नाही. मग वस्तरा भंगारात जातो, नाहीतर रस्त्यावरच्या धारवाल्याच्या चाकावर. यातले दुसरे पहिल्यापेक्षा वाईट. ‘लोखंडच खराब आहे’ असा निकाल इतक्या सहज दिला जातो की त्याविरुद्ध सविस्तर लिहिणे गरजेचे वाटले. चांगल्या कारखान्यातल्या जुन्या पात्याचे लोखंड क्वचितच खराब असते. बहुतेक वेळा काम पहिल्याच दगडावर अर्धवट सुटलेले असते आणि पुढचे बारीक दगड ते अर्धवट कामच चकचकीत करत राहतात.

सुरीचा कोन हाताने सांभाळावा लागतो, वस्तऱ्याचा कोन पात्यातच घडवलेला असतो. पाते दगडावर सपाट ठेवले की जाड पाठ टेकते आणि धार टेकते, मधला पोकळ घासलेला भाग अधांतरी राहतो. म्हणून दगडावर पाठ कधीही उचलायची नाही. हा कोन मोजता येतो. पाठीवर दगडाने घासून झालेली चकचकीत पट्टी दिसते. त्या पट्टीपाशी पाठीची जाडी व्हर्नियरने मोजा. मग धारेपासून त्या पट्टीपर्यंतची रुंदी मोजा. जाडीला रुंदीने भागा आणि ५७ ने गुणा, आलेला आकडा म्हणजे धारेचा पूर्ण कोन, अंशांमध्ये. १९ मिमी रुंद पात्याची पाठ ५.५ मिमी असेल तर कोन साडेसोळा अंशांच्या आसपास येतो, आणि तो उत्तम. साधारण १५ ते १८ अंशांत वस्तरा नीट चालतो. त्याच पात्याची पाठ घासून घासून ४ मिमीवर आली असेल तर कोन १२ अंश होतो. एवढी पातळ धार दगडावर अप्रतिम येते आणि पहिल्याच दाढीत तिचे सूक्ष्म कपचे उडतात. मालक म्हणतो, धार टिकत नाही. उलट धार मागे हटून रुंदी कमी झाली आणि पाठ तेवढीच जाड राहिली, तर कोन २० अंशांच्या पुढे जातो. मग वस्तरा कापतो, पण केस ओढतो.

पातळ पाठीवर उपाय सोपा आहे. पाठीवर काळी इन्सुलेशन टेप लावायची. एक थर साधारण ०.१५ मिमीचा असतो आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना येतो, म्हणून जाडी ०.३ मिमीने वाढते. १९ मिमीच्या पात्यावर त्याने जवळजवळ एक अंश वाढतो. १२ अंशांच्या पात्याला दोन थर लावले की तो चौदाच्या जवळ पोचतो. मात्र पहिल्या दगडावर टेप लावली असेल तर शेवटच्या दगडापर्यंत तितकेच थर ठेवायचे, आणि दर दगडाला टेप नवी लावायची, कारण ती झिजते. टेप लावून सुरुवात केली आणि मधेच काढून टाकली, तर पुढचा दगड धारेच्या टोकाला शिवतच नाही, तो थोडा मागेच घासत राहतो. हट्टी म्हणून हिणवलेल्या कितीतरी वस्तऱ्यांचे दुखणे एवढेच असते.

आता पहिला दगड. तो १००० नंबरचा असावा (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक). हार्डवेअरच्या दुकानातला दुरंगी कार्बोरंडमचा दगड कोयत्या-सुरीसाठी ठीक, वस्तऱ्यासाठी तो फारच भरड. आणलेला दगड सपाट आहे असे गृहीत धरू नका. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा. ८ किंवा १० मिमी जाडीच्या काचेवर २२० ते ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून पसरा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड त्यावर घासा. मधे खोलगट झालेल्या दगडावर सरळ उतार, म्हणजे धारेलगतची घासलेली तिरपी पट्टी, बसू शकत नाही. दगडाच्या कडाही थोड्या गोल करून घ्या, नाहीतर तिरके फेरे मारताना त्या धारेला ओरखडतात.

या दगडावर एकच काम आहे: धारेच्या दोन्ही अंगांचे उतार एकमेकांना टाचेपासून, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या कडेपासून, टोकापर्यंत अखंड भेटले पाहिजेत. बाकी सगळे नंतर. उतार भेटले नसतील तर ८००० किंवा १२००० नंबरचा कितीही महाग दगड काही करू शकत नाही, आणि नेमके इथेच लोक घाई करतात. जुन्या वस्तऱ्यांच्या धारेचे टोक वर्षानुवर्षे ढिल्या चामडी पट्ट्यावर ओढल्याने गोल झालेले असते. तेवढे गोल पोलाद झिजवून काढायला कधी दहा मिनिटे लागतात, कधी दीड तास. फेरे मोजून हे काम होत नाही, तपासून होते.

तपासण्याच्या तीन रीती आहेत. पहिली मार्करची. दोन्ही उतार परमनंट मार्करने काळे करा, हलके दोन फेरे मारा आणि घड्याळजीच्या दहापट भिंगातून पाहा. अगदी धारेच्या रेषेवर काळे राहिले असेल तर दगड अजून तिथे पोचलेला नाही. धारेपाशी स्वच्छ आणि मागे काळे राहिले असेल, तर आधी कुणीतरी कमी टेप लावून घासले आहे, त्याची काळजी नको. काळे फक्त टाचेला किंवा फक्त मधे राहिले तर पाते वाकडे आहे, त्याबद्दल पुढे. दुसरी रीत दिव्याची. धार वर करून वस्तरा एका दिव्याखाली धरा आणि सावकाश कलता करा. खरी धार प्रकाश परतवत नाही. पांढरी रेघ किंवा ठिपका चमकला की तेवढी जागा बोथट आहे. तिसरी रीत हाताच्या केसांची. १००० नंबरच्याच दगडानंतर, कातडीला टेकवून, जोर न लावता, पात्याच्या दर सेंटीमीटरने मनगटावरचे केस कापले गेले पाहिजेत. मधली चार सेंटीमीटर कापतात आणि टाचेकडची एक कापत नाही, म्हणजे काम राहिले आहे. तिन्ही परीक्षांत पास झाल्याशिवाय दगड बदलू नका.

जोर किती लावायचा, हे शब्दांत सांगणे अवघड. त्यासाठी दगड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि मग वस्तरा फिरवून पाहा. सुरुवातीला, पोलाद झिजवायचे असताना, २५० ते ३०० ग्रॅम चालतात. पोकळ घासलेल्या पातळ पात्यावर त्याहून जास्त जोर दिला तर पाते लवते, धार दगडावरून किंचित उचलली जाते आणि मधल्या पोटावर घासले जाते. उतार भेटत आले की जोर १०० ग्रॅमवर आणा, आणि शेवटच्या दगडावर वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरे.

फेरा नेहमी धार पुढे ठेवून, तिरका. टाच दगडावर ठेवून सुरुवात करायची, पुढे जाता जाता वस्तरा बाजूला सरकवायचा आणि टोकावर संपवायचे. पाते साधारण ७० ते ७५ मिमी लांब आणि दगड ५० ते ७० मिमी रुंद, त्यामुळे सरळ ढकलून भागत नाही. उलटताना पाठीवरूनच उलटायचे. फार बोथट पाते असेल तर एका बाजूला वीस-तीस छोटी वर्तुळे, मग दुसऱ्या बाजूला तेवढीच, असे करून शेवटी आलटून-पालटून फेरे मारावेत.

टाचेपाशी एक खोड लपलेली असते आणि ती नवशिक्याला जवळजवळ कधीच दिसत नाही. अनेक पात्यांना शेपटीजवळ, म्हणजे मुठीला खिळलेल्या मागच्या भागाजवळ, जाड खांदा असतो. पाते नवे असताना तो दगडाला शिवत नाही, पण घासून घासून धार मागे आली की खांदा दगडावर चढतो आणि सगळे पाते तेवढे उचलून धरतो. मग टाचेकडची धार अधांतरी, पाठीची मात्र टाचेकडे भलतीच झीज. खांद्यावर चकाकी दिसली तर ओळखा. लगेच करण्याजोगा उपाय: वस्तरा तीन-चार मिमी बाहेर सरकवून खांदा दगडाच्या कडेबाहेर ठेवायचा आणि पाते ३० ते ४५ अंश तिरके धरायचे. कायमचा उपाय म्हणजे टाचेचा कोपरा ४०० नंबरच्या डायमंड प्लेटवर, भरपूर पाणी घेऊन, हळूहळू मागे नेणे. खांदा तसाच ठेवून जोर वाढवत राहणे हा वस्तऱ्याचा नाश आहे.

वाकडे पाते ओळखायला ते काचेवर ठेवून मागून टॉर्च लावा. एका बाजूने मधे फट दिसते आणि दुसऱ्या बाजूने दोन्ही टोकांना, तर पाते बाकदार झालेले आहे. जुन्या पात्यांत हे वारंवार आढळते आणि त्याने काही बिघडत नाही. ते सपाट होईपर्यंत घासत बसू नका, त्यात एका अंगाची पाठ खाल्ली जाते आणि दोन उतारांची रुंदी कायमची विषम होते. २५ ते ३० मिमी रुंदीचा अरुंद दगड घ्या आणि तिरक्या फेऱ्यात बोटाचा भार टाचेकडून टोकाकडे सरकवा. दगड अरुंद असला की पात्याच्या बाकाबरोबर जातो. न्हाव्यांच्या धोकटीतली पथरी लहान आणि अरुंद असायची, तिचाही उपयोग इथे होतो. बाहेर फुगलेली धार अशाच फेऱ्याने चालते. आत दबलेली धार मात्र आधी सरळ करावी लागते.

आता खऱ्या अर्थाने आजारी पोलादाकडे. सर्वांत जास्त नुकसान गंजाने होते आणि वरून लाल दिसणारा गंज त्यातला निरुपद्रवी भाग आहे. घातक असतात ते धारेपाशी आत गेलेले सूक्ष्म खड्डे. भिंगातून धारेवर कपचे दिसतात. ते कपचे फेऱ्यांगणिक त्याच जागी लहान होत असतील तर घासत राहा, निघतील. जुने गेले आणि दुसरीकडे नवे उगवले, तर धारेखालचे पोलाद पोखरलेले आहे. अशा वेळी पाते उभे धरून, धार १००० नंबरच्या दगडाला काटकोनात टेकवून, पाच ते दहा वेळा अगदी हलके ओढावे. मन धजत नाही, पण करावे. ०.२ ते ०.३ मिमी गेल्यावर निरोगी पोलाद लागते आणि मग नव्याने उतार बसवायचा. अर्धा मिमी जाऊनही कपचे थांबत नसतील तर तिथे थांबावे.

कोकणात आणि मुंबईत हा गंज ओल्या हवेचा, हे समजण्यासारखे आहे. पण कोरड्या विदर्भातल्या वस्तऱ्यावरही फक्त मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागालाच गंज चढलेला दिसला, तर मुठीकडे पाहा. जुन्या मुठी बऱ्याचदा सेल्युलॉइडच्या आहेत. सेल्युलॉइड सडू लागले की त्यातून आम्लधर्मी वायू निघतात आणि मिटलेल्या पात्याची धार त्यातच कोंडलेली राहते. मुठीला कापरासारखा किंवा आंबट वास, आतून बारीक तडे, ही लक्षणे. ती मूठ काढून टाका, दुसरे वस्तरे त्याच पेटीत ठेवू नका, आणि सेल्युलॉइड भडकन पेटते हेही लक्षात असू द्या.

दुसरा आजार म्हणजे पोलादाचे पाणी उतरणे, म्हणजे त्याचा कडकपणा जाणे. वस्तऱ्याचे कार्बन पोलाद पाणी दिल्यावर (लाल तापवून एकदम गार करून कडक केल्यावर) साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपासच परत तापवलेले असते. त्याच्या बरेच वर गेले की ते मऊ पडते. कोरडे एमरी चाक किंवा बफ लावला की धारेपाशी, जिथे पोलाद कागदाइतके पातळ असते, तिथे हे तापमान एका क्षणात गाठले जाते. निळा रंग दिसला म्हणजे ३०० अंशांच्या जवळपास गेले. हा रंग पॉलिशने सहज निघून जातो, म्हणून बाजारातला आरशासारखा चमकणारा जुना वस्तरा मला नेहमी संशयास्पद वाटतो. मऊ पडलेल्या धारेची खूण अशी: दगडावर ती येते, पट्ट्यावर सुधारते, आणि दोन गालांच्या आत वळून बसते. पाठीच्या टोकाकडच्या बाजूला चांगली बारीक कानस हलकेच लावून पाहा. पाणी शाबूत असेल तर कानस घसरते, उतरले असेल तर चावते. मात्र पाठीवर कानस घसरली म्हणून धार निर्धास्त असे नाही, कारण चाकाने फक्त धार तापलेली असू शकते. तेव्हा एक-दीड मिमी मागे गेल्यावर कधी कधी कडक पोलाद पुन्हा सापडते. शेपटीवर कानस लावून निकाल देऊ नये, ती मुळातच मऊ ठेवलेली असते.

म्हणून कळकळीची विनंती: सायकलच्या चाकावर दगड फिरवणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा देऊ नका. त्यांचे कौशल्य सुरी, कात्री, विळी, कोयता यांत आहे आणि तिथे त्यांना तोड नाही. ठिणगी उडाली की वस्तऱ्याचा मात्र तेवढा भाग गेला.

एक प्रकार असाही आहे ज्याला धार कधीच येणार नाही. वस्तऱ्याच्या आकाराच्या शोभेच्या वस्तू नव्या बाजारात अगदी स्वस्त मिळतात. मऊ स्टेनलेस, पाणी दिलेलेच नाही, पाठ एकीकडे जाड एकीकडे पातळ. नुसत्या मुद्रेवर विसंबू नका. सोलिंगेन हे नाव जर्मनीत १९३८ पासून कायद्याने राखीव आहे, तरी खोट्या मुद्रा फिरतात. घडण पाहा, मूठ उघडून पाते सरळ मधे मिटते का ते पाहा. याउलट चांगले स्टेनलेस, उदाहरणार्थ हेंकेल्स या जर्मन कंपनीचे अतिथंड करून कडक केलेले ‘फ्रिओडूर’, उत्कृष्ट धार घेते. फक्त त्यातले क्रोमियम दगडाला दाद द्यायला वेळ लावते. दीडपट-दुप्पट फेरे धरून चाला.

उतार बसल्यावर पुढचा रस्ता सरळ आहे. ४००० किंवा ५००० वर वीस ते चाळीस फेरे, आधीचे ओरखडे भिंगातून दिसेनासे होईपर्यंत. मग ८००० वर वीस-तीस. १२००० असेल तर दहा-पंधरा, निव्वळ वजनाने. दर दगडाला वस्तरा आणि हात धुवा, भरड दगडाचा एक कण बारीक दगडावर आला तरी धारेला चीर पडते. या टप्प्यावर फसवणारी गोष्ट म्हणजे वर्कशॉपात जिला ‘बर’ म्हणतात ती, धारेच्या टोकाला उभी राहिलेली पोलादाची पातळ पापडी. ती केस सपासप कापते, तुम्ही खूश होता, आणि पहिल्या दाढीत ती तुटून खाली बोथट कड उघडी पडते. एकाच बाजूला बरीच वर्तुळे मारली किंवा जोर कमीच केला नाही की ती येते. धार एकदा हलकेच काचेच्या बाटलीच्या काठावरून ओढा, मग ८००० वर आलटून-पालटून दहा-बारा फेरे. बर निघून जाते.

पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे, आणि पट्टा ताठ. ढिला पट्टा तुमच्या सगळ्या मेहनतीला गोल करून टाकतो. सुती पट्ट्यावर वीस-पंचवीस आणि चामड्यावर पन्नास फेरे पुरेत. हिरवे क्रोमियम ऑक्साईड लावायचे असेल तर शुद्ध, अर्ध्या मायक्रॉनची भुकटी घ्या आणि दहा फेऱ्यांवर थांबा. बाजारातल्या हिरव्या पॉलिश वड्यांत भरड कण मिसळलेले असतात.

एवढे करूनही वस्तरा ओढत असेल तर दोष पाण्याचा असू शकतो. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाचा साका करतात, फेस टिकत नाही, आणि उत्तम धारही कोरड्या केसांवर अडते. फिल्टरच्या किंवा पावसाच्या पाण्याने एकदा दाढी करून पाहा, मगच दगड पुन्हा काढा.

हे सर्व घरच्या, एकाच माणसाच्या वस्तऱ्यासाठी आहे. सलूनमध्ये दर गिऱ्हाईकाला नवे ब्लेड लावण्याची रीत योग्यच आहे आणि ती सोडू नये. हिपॅटायटिस बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर सात दिवसही तग धरतो. जुन्या बाजारातून आणलेला वस्तरा आधी साबणाने धुऊन निर्जंतुक करावा. रोजच्या वापरानंतर तो पुसून, तासभर उघडा वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब धारेवर फिरवून ठेवावा. पाते ज्यावर फिरते त्या मुठीच्या खिळ्यात पाणी जाऊ देऊ नये. खिळा सैल झाला की पाते डुगडुगते आणि दोन बाजूंना सारखा भार पडत नाही.

शेवटची सूचना. वस्तऱ्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा: रुंदी, पाठीची जाडी, टेपचे किती थर, कोणत्या दगडापर्यंत गेला, टाच कशी धरावी लागते, पाते कुठल्या अंगाला वाकले आहे. पुढच्या वेळी, किंवा पुढच्या माणसाच्या हाती तो गेल्यावर, १००० नंबरच्या दगडावरचे अख्खे काम पुन्हा शोधून काढावे लागणार नाही, आणि पोलादही तेवढे वाचेल.

आपला,
एक वाचक, सातारा